धुराला वेसण

पेट्रोलचें इंजिन पेट्रोल पितें असें आपण म्हणतों. परंतु त्याचा मुख्य आहार हवा हाच आहे. एक लिटर पेट्रोल पुरतें जाळावयाचें तर त्यास सुमारें नऊ हजार लिटर हवा लागते. पेट्रोल हवें तितकें ओततां येतें, त्याचा मार्ग थोडा रुंद केला कीं काम भागतें. अडून राहतें तें हवेपाशीं. दट्ट्या खालीं सरकतांना सिलिंडरांत जी पोकळी होते तींत बाहेरची हवा आपल्या दाबानें शिरते, आणि वातावरणाचा दाब कांहीं कोणाच्या आज्ञेनें वाढत नाहीं. म्हणून इंजिनाची शक्ति वाढवूं इच्छिणारास तीन मार्ग मोकळे असतात : इंजिन आकारानें मोठें करावें, तें अधिक वेगानें फिरवावें, किंवा हवा बळानें आंत कोंबावी.

आजचें भाषण या तिसऱ्या मार्गाविषयीं आहे. हवा कोंबण्याचें जें यंत्र इंजिनाच्याच टाकाऊ धुरावर चालतें त्यास टर्बोचार्जर म्हणतात. आपल्या रस्त्यांवरील बहुतेक नव्या डिझेल मोटारींत व मालमोटारींत तें कारखान्यांतूनच बसवून येतें, आणि त्याचें कोणास नवलही वाटत नाहीं. पण इंग्लंड-अमेरिकेंत असे हौशी कारागीर आहेत कीं, जे घरामागच्या शेडमध्यें, नोकरीधंदा सांभाळून, आपल्या छोट्या स्पोर्ट्स मोटारीस हें यंत्र स्वतःच्या हातांनीं जोडतात. ज्या गोष्टीनें नामांकित कारखान्यांना अनेक दशकें झुंजविलें, ती एकट्या माणसास घरीं कशी साधते, आणि साधत नाहीं तेव्हां कां साधत नाहीं, याचें उत्तर त्या यंत्राच्या इतिहासांतच आहे.

या इतिहासाचा आरंभ स्वित्झर्लंडांत होतो. विंटरथूरचा अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यानें १९०५ च्या नोव्हेंबर महिन्यांत एका कल्पनेचें जर्मन पेटंट मागितलें. इंधनांतील उष्णतेचा स्थूलमानानें एक तृतीयांश भागच चाकें फिरविण्याच्या कामीं येतो, आणि जवळजवळ तितकाच भाग जळक्या वायूंबरोबर नळीवाटे बाहेर पडून वाया जातो, हें त्यास ठाऊक होतें. ओढ्याच्या वाहत्या पाण्यावर जशी पाणचक्की फिरते तसें या वायूंवर एक चक्र फिरवावें, त्याच आंसाच्या दुसऱ्या टोकास पंखा बसवावा, आणि त्या पंख्यानें ताजी हवा दाबून इंजिनास पुरवावी, अशी ती कल्पना. ही शक्ति अगदींच फुकट मिळते असें नाहीं. वाटेंत चक्र आल्यामुळें जळक्या वायूंना बाहेर पडतांना थोडी आडकाठी होते. तरीहि जमाखर्च मांडून पाहिला तर शिल्लक चांगली राहते.

कागदावर हें सोपें होतें. परंतु लोखंड लाल व्हावें इतक्या तापलेल्या वायूंत, मिनिटास हजारों फेरे घेणारें चक्र टिकवावयाचें तर तसा धातु हवा आणि तसें वंगण हवें. तीं त्या काळीं नव्हतीं. ब्यूखीचे आरंभीचे प्रयत्न फसले. अखेर १९२६ सालच्या 'प्रॉयसेन' व 'हान्झेश्टाट डान्झिग' या दोन जर्मन उतारूबोटींच्या डिझेल इंजिनांवर त्याची योजना यशस्वी झाली, आणि १,७५० अश्वशक्तीच्या इंजिनांतून सुमारें २,५०० अश्वशक्ति निघूं लागली. कल्पना सुचणें आणि ती कामास लागणें यांच्यामध्यें वीस वर्षांहून अधिक काळ गेला.

दरम्यान पहिल्या महायुद्धानें या कल्पनेस आकाशाकडे ओढलें. विमान जसजसें वर चढतें तसतशी हवा विरळ होते व इंजिन धापा टाकूं लागतें. फ्रान्समध्यें ऑग्यूस्त रातो यानें विमानाच्या इंजिनावर टर्बोचार्जर चालवून दाखविला होता. अमेरिकेंत हें काम जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या सॅनफोर्ड मॉस या अभियंत्याकडे आलें. विरळ हवेंत परीक्षा घ्यावयाची, पण विमान धोक्यांत घालावयाचें नाहीं, म्हणून १९१८ सालीं त्यानें 'लिबर्टी' जातीचें इंजिन मालमोटारीवर बसविलें आणि कोलोराडोंतील पाइक्स पीक या शिखरावर नेलें. शिखराची उंची १४,१०० फुटांवर आहे. सपाटीवर सुमारें ३५० अश्वशक्ति देणारें तें इंजिन शिखरावर अवघी २३० देऊं लागलें. मग टर्बोचार्जर जोडतांच तेंच इंजिन त्याच शिखरावर ३५६ पर्यंत चढलें. पंचांग बदलावें तसे आंकडे एका दिवसांत बदलले असें नाहीं. त्यामागें बर्फवाऱ्यांत काढलेले, मोडतोड दुरुस्त करण्यांत गेलेले आठवडे होते. पण मुद्दा सिद्ध झाला.

त्यानंतर दोन वर्षांनीं, १९२० च्या फेब्रुवारींत, मेजर रुडॉल्फ श्रोडर यानें ओहायोमधील डेटन येथून असें टर्बोचार्जर बसविलेलें विमान ३३,००० फुटांपलीकडे नेलें. इंजिनाचा श्वास शेवटपर्यंत टिकला. श्रोडरचा मात्र टिकला नाहीं. प्राणवायु संपल्यामुळें तो बेशुद्ध झाला, विमान पांचसहा मैल खालीं कोसळत आलें, दाट हवेंत त्यास अर्धवट शुद्धि आली, आणि डोळे गोठून गेले असतांहि त्यानें विमान उतरविलें. यंत्राची एक मर्यादा हटविली कीं दुसरी कोणती तरी मर्यादा पुढें येऊन उभी राहते, हें या प्रसंगानें जगाला शिकविलें. पुढील हकीगतींत हेंच पुनःपुन्हा दिसेल.

येथें एक भेद ध्यानांत ठेवला पाहिजे. आकाशांतला टर्बोचार्जर इंजिनास त्याचें हरवलेलें परत देत होता. जमिनीवर जेवढी हवा मिळाली असती तेवढीच तो वर पुरवीत होता. त्यामुळें इंजिनाच्या अंगावर नवा भार बहुधा पडत नसे. मोटारीवर हवा कोंबणाऱ्याची मागणी निराळी असते. त्यास निसर्गानें दिलेल्या वांट्याहून अधिक हवें असतें, आणि तो अधिकचा भार त्याच दट्ट्यांनीं, त्याच दांड्यांनीं, त्याच झडपांनीं सोसावयाचा असतो.

हा भार काय करूं शकतो तें इंग्लंडांत बेंटली मोटारींच्या बाबतींत दिसून आलें. धुरावर चालणारा टर्बोचार्जर तेव्हां मोटारींच्या आटोक्यांत नव्हता. हवा दाबणारा पंप इंजिनाच्याच दांड्यास जोडीत, व त्यास सुपरचार्जर म्हणत. टिम बर्किन हा धाडसी शर्यतपटु; त्यास बेंटलीच्या साडेचार लिटर मोटारीवर असा पंप हवा होता. कंपनीचा संस्थापक डब्ल्यू. ओ. बेंटली याचा या गोष्टीस विरोध होता. शक्ति हवी तर इंजिन मोठें करावें, असें त्याचें मत. बर्किननें ऐकलें नाहीं. डोरोथी पॅजेट या धनिक स्त्रीच्या पैशावर त्यानें वेल्विन येथें वेगळी कर्मशाळा काढली आणि ॲम्हर्स्ट व्हिलियर्सनें आंखलेला सुपरचार्जर इंजिनाच्या पुढें बसविला. ११० अश्वशक्तीच्या इंजिनांतून शर्यतीसाठीं २४० पर्यंत शक्ति निघाली. १९३० सालीं फ्रान्समध्यें पो येथील ग्रांप्री शर्यतींत बर्किननें दुसरा क्रमांकहि मिळविला. परंतु त्याच वर्षीं ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतींत उतरलेल्या त्याच्या दोन्ही मोटारी मध्येंच मोडल्या, आणि जिंकली ती बेंटलीचीच 'स्पीड सिक्स' : मोठ्या इंजिनाची, पंपाशिवायची. चार मिनिटें पुढें राहणें आणि चोवीस तास पुढें राहणें, या दोहोंत केवढें अंतर आहे तें त्या दिवशीं कळलें.

घरगुती कारागिरांचा प्रवेश दुसऱ्या महायुद्धाच्या पाठोपाठ झाला. कॅलिफोर्नियांत म्यूरॉकसारखीं कोरडीं तळीं आहेत. उन्हाळ्यांत त्यांचा तळ फरशीसारखा सपाट व कठीण होतो. तेथें तरुण मंडळी जुन्या फोर्ड मोटारी घेऊन वेगाचे सामने करीत. त्यांची एक संघटना १९३७ मध्येंच निघाली होती. महायुद्धानंतर मोडीच्या बाजारांत नानाविध यंत्रें स्वस्त मिळूं लागलीं. बार्नी नवारो नांवाच्या कारागिरानें जनरल मोटर्सच्या डिझेल इंजिनावरील हवेचा पंप काढून तो फोर्डच्या आठ सिलिंडरांच्या इंजिनावर बसविला, आणि तो प्रघात पडला. विमानांवरील टर्बोचार्जर मात्र त्यांच्या कामाचे नव्हते. अठ्ठावीस ते पन्नास लिटरांच्या इंजिनांसाठीं घडविलेलें तें धूड तीन-चार लिटरांच्या इंजिनाच्या धुरावर फिरणार कसें? मोटारीजोगा छोटा टर्बोचार्जर यावयास आधीं मालमोटारींस व मातीकामाच्या यंत्रांस त्याची गरज भासावी लागली. १९५० नंतरच्या दशकांत गॅरेटसारख्या कंपन्यांनीं ती पुरी केली.

त्या दशकाच्या आरंभींची एक गोष्ट घरीं काम करणाऱ्या प्रत्येकानें लक्षांत ठेवण्यासारखी आहे. १९५२ सालीं इंडियानापोलिसच्या पांचशें मैलांच्या शर्यतींत कमिन्स कंपनीनें टर्बोचार्जर बसविलेली डिझेल मोटार उतरविली. त्या शर्यतीच्या इतिहासांतील ती पहिली टर्बोचार्जरवाली मोटार. फ्रेड अगाबाशियन या चालकानें पात्रताफेरींत ताशीं १३८ मैलांच्या सरासरीनें अग्रस्थान मिळविलें. शर्यतींत मात्र ७१ फेऱ्यांनंतर ती थांबली. कारण काय, तर हवा आंत घेणारें तोंड मोटारीच्या पुढच्या भागीं खालच्या बाजूस होतें, आणि टायरांच्या रबराचा चुरा व धूळ ओढून टर्बोचार्जर तुंबला. इंजिन बलवान्, चालक कुशल. पण तोंडाशीं गाळणी नव्हती.

याहून खोल धडा १९६२ च्या वसंत ऋतूंत मिळाला. तो कळावयास इंजिनांतील एक उपद्रव समजून घेतला पाहिजे. सायकलला हवा भरतांना पंपाचें टोंक गरम लागतें, हा आपणां सर्वांचा अनुभव आहे. दाबलेली हवा तापते. ३० अंशांची हवा टर्बोचार्जरनें दुप्पट दाबावर नेली तर ती सुमारें १२० अंशांवर जाते. अशी तापलेली हवा सिलिंडरांत आणखी दाबली कीं, ठिणगीपासून निघालेली ज्योत पोंचण्यापूर्वींच कोपऱ्यांतलें मिश्रण आपण होऊन भडकतें, आणि दट्ट्यावर हातोडी मारल्यासारखा ठोका बसतो. सिलिंडरांतली ज्वाळा दोन हजार अंशांहून अधिक तापलेली असते, आणि दट्ट्याचा ॲल्युमिनियम सहाशें अंशांच्या आसपासच वितळतो. तरी एरवीं दट्ट्या सुरक्षित राहतो, कारण त्याच्या पृष्ठावर वायूचा एक पातळ, शांत थर ढालीसारखा चिकटलेला असतो. ठोक्यांच्या लाटा ती ढालच उधळून लावतात. मग थोड्याच वेळांत दट्ट्याला भोंक पडतें.

त्या वसंतांत अमेरिकेच्या जनरल मोटर्सनें दोन टर्बोचार्जरवाल्या मोटारी बाजारांत आणल्या. ओल्डस्मोबिलच्या 'जेटफायर'नें सिलिंडरांतला मूळचा दाब उंच, १०.२५ पट, तसाच ठेवला आणि वर टर्बोचार्जर बसविला. २१५ घन इंचांच्या इंजिनांतून २१५ अश्वशक्ति निघाली. ठोका टाळण्यासाठीं शुद्ध पाणी व मेथिल अल्कोहोल यांचें द्रावण वेगळ्या टांकींतून फवारलें जाई, आणि ती टांकी मालकानें भरावयाची असे. ती संपली तर टर्बोचार्जरचा जोर आपोआप रोखला जाईल, एवढी दूरदृष्टि अभियंत्यांनीं दाखविली होती. परंतु पुष्कळ मालकांनीं टांकी भरलीच नाहीं, आणि मोटारींत दम नाहीं म्हणून तक्रारी केल्या. दोन वर्षांत दहा हजारांहून कमी मोटारी निघाल्या. पुढें कंपनीनेंच कित्येकांचे टर्बोचार्जर काढून साधा कार्ब्युरेटर बसवून दिला. दुसरी मोटार शेव्रोलेची 'कॉरव्हेअर मॉन्झा स्पायडर'. तिच्या कर्त्यांनीं आधीं मूळचा दाब उतरविला, धूर बाहेर जाण्याची वाट मुद्दाम थोडी अरुंद ठेवून टर्बोचार्जरचा वेग आंवरला, आणि १५० अश्वशक्तीवर समाधान मानलें. टर्बोचार्जरची ती परंपरा १९६६ पर्यंत चालली. जेटफायर हें अधिक तेजस्वी यंत्र होतें; पण मालक रोज नियमानें वागेल या विश्वासावर तें उभें होतें.

यानंतरची प्रगति पाहिली तर तिची दिशा एकच आहे. टर्बोचार्जर अधिक हवा देऊं लागला हें त्यांतलें दुय्यम. त्यास आवरणारीं साधनें एकामागून एक आलीं हें मुख्य. १९७३ सालची बी. एम. डब्ल्यू. '२००२ टर्बो' १७० अश्वशक्तीची होती, परंतु तिचा पाय दाबला तर क्षणभर कांहींच होत नसे, व मग सारी शक्ति एकदम अंगावर येई. ऐन तेलटंचाईंत ती बाजारांत आली, आणि अवघ्या १,६७२ मोटारी झाल्या. १९७७ सालीं दाखविलेल्या साब '९९ टर्बो'नें उलट विचार केला : टर्बोचार्जर लहान घ्यावा, म्हणजे तो लवकर फिरूं लागेल, आणि दाब ठराविक मर्यादेस पोंचतांच जादा धुराला चक्र टाळून बाहेर जाऊं देणारी झडप, म्हणजे वेस्टगेट, बसवावी. १९८० नंतर साबनें इंजिनाच्या अंगावर कान बसविला असें म्हणतां येईल. ठोक्याची पहिली कुजबूज कळतांच तें यंत्र दाब आपोआप कमी करी. हवा थंड करणारा इंटरकूलर, पेट्रोल मोजून फवारणारें विद्युत्-नियंत्रण, हीं साधनें याच मालिकेंतलीं. बैल जितका जोरदार, तितकी वेसण मजबूत लागते.

आतां आपण शेडमधल्या कारागिराकडे येऊं. त्याच्या हातीं बहुधा माझदाची 'एम्‌एक्स-५' असते. १९८९ मध्यें निघालेली ही दोन आसनांची छोटी मोटार, इंजिन १.६ लिटरांचें, शक्ति ११५ अश्वशक्तीच्या आसपास. त्याच घराण्याचें इंजिन टर्बोचार्जरसह माझदाच्याच '३२३' मोटारींत आधींपासून चालत होतें, म्हणून हौशी लोकांचा तिच्यावर भर. मोडीच्या बाजारांतून एखाद्या अपघातग्रस्त मोटारीचा टर्बोचार्जर आणावयाचा, जाड लोखंडी नळ्या कापून, सांधून त्याच्यासाठीं बैठक करावयाची, आणि तो इंजिनाच्या कुशीस लावावयाचा. हा भाग डोळ्यांस दिसतो आणि छायाचित्रांत शोभतो. वातावरणाच्या दाबावर चौरस इंचास सहा पौंड जादा दाब दिला तर हवा हिशेबानें चाळीस टक्के वाढते. उष्णतेनें त्यांतली कांहीं परत जाते. तरीहि १५० अश्वशक्ति आटोक्यांत येते.

परंतु काम यशस्वी होतें तें न दिसणाऱ्या गोष्टींनीं. टर्बोचार्जरचा आंस मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेतो, आणि तो तेलाच्या पातळ पापुद्र्यावर तरंगत असतो. तेल येण्याची नळी सर्वांस आठवते. पण तेथून निघालेलें तेल फेसाळ असतें, त्यास दाब उरलेला नसतो, आणि तें केवळ उतारानें खालीं जातें. परत जाणारी नळी अरुंद किंवा आडवी ठेवली कीं तेल तुंबतें, धुराच्या बाजूस गळतें, आणि लाल तापलेल्या लोखंडाशेजारीं गळकें तेल म्हणजे आग. तीच गोष्ट इंधनाची. हवा चाळीस टक्के वाढविली तर पेट्रोलहि त्या मानानें, किंबहुना थोडें अधिकच वाढलें पाहिजे, आणि ठिणगी थोडी उशिरां पडली पाहिजे. जादा दाबाच्या दर पौंडामागें एक अंश, हा कारागिरांचा ढोबळ नियम आहे. मूळची नियंत्रणपेटी हें जाणत नाहीं. पेट्रोल कमी पडलें तर मोटार प्रथम उलट जोमानें धांवते, म्हणून मालक खुश होतो. आणि त्याच जोमांत दट्ट्या वितळतो.

या अडचणीवर उपाय काढला तोहि हौशी लोकांनींच. ब्रूस बोलिंग व अल ग्रिप्पो या दोन अमेरिकन गृहस्थांनीं २००१ च्या सुमारास 'मेगास्क्वर्ट' नांवाची नियंत्रणपेटी आंखली. तिचे सुटे भाग घेऊन ग्राहकानें स्वतः झाळकाम करून ती जुळवावयाची, आणि कोणत्या वेगास व दाबास किती पेट्रोल द्यावें हें कोष्टक स्वतः भरावयाचें. त्याआधीं १९९७ मध्यें कॉर्की बेल यांचें 'मॅक्झिमम बूस्ट' हें पुस्तक निघालें होतें. टर्बोचार्जरची निवड आणि आंखणी सामान्य वाचकास त्यांत हिशेबासह मिळाली. पूर्वीं जें ज्ञान कारखान्यांच्या भिंतीआड होतें तें अशा रीतीनें शेडपर्यंत आलें. धुरांतील प्राणवायु मोजणारें साधनहि आतां साध्या माणसास परवडतें, आणि मिश्रण बरोबर आहे कीं नाहीं हें त्यास अंदाजानें नव्हे तर आंकड्यानें कळतें.

श्रोतेहो, ब्यूखीजवळ धातु नव्हता, मॉसजवळ वेळ नव्हता, आणि जेटफायरच्या अभियंत्यांजवळ ठोका ऐकणारें यंत्र नव्हतें. आजच्या हौशी कारागिराजवळ हें सारें आहे. त्यास अडते ती जागा फार जुनी आहे : दाबाचा खिळा आणखी अर्धा फेरा पिळावा हा मोह. सहा पौंडांवर वर्षानुवर्षें चालणारी मोटार बारा पौंडांवर एका संध्याकाळीं संपते, आणि मधले आंकडे कोणत्या क्षणीं धोक्याचे होतात तें इंजिन आधीं सांगत नाहीं. म्हणून जाणते लोक क्रम बांधून घेतात : आधीं तेल, मग थंड करण्याची सोय, मग पेट्रोल व ठिणगी, मग मोजमाप, आणि सर्वांच्या शेवटीं दाब. नवशिका हाच क्रम उलटा धरतो.

अशा जाणत्या माणसाची खूण त्याच्या वेगावरून पटत नाहीं. दूरवरून भरधांव येऊन तो दारांत थांबला, म्हणजे इंजिन लगेच बंद करीत नाहीं. टर्बोचार्जर अजून तापलेला असतो. इंजिन बंद केलें कीं तेलाचा प्रवाह थांबतो, आंत अडकलेलें तेल करपून कोळसा होतें, आणि आंस झिजूं लागतो. म्हणून तो मिनिटभर इंजिन मंद चालूं देतो, तेवढा वेळ हात चाकावर ठेवून स्वस्थ बसतो, आणि मग किल्ली फिरवितो.